व्हिसा नाही, पण संशय आहे

थायलंडच्या नागरिकाला पर्यटनासाठी दक्षिण कोरियात जायचे असेल तर व्हिसा लागत नाही. १९८१ साली उभय देशांत झालेल्या करारान्वये त्याला तेथे ९० दिवस राहता येते. कागदोपत्री ही सवलत कायम आहे. परंतु तिचा उपयोग करू पाहणाऱ्याची अवस्था गेल्या काही वर्षांत व्हिसा काढणाऱ्याहून अधिक अनिश्चित झाली आहे. व्हिसाची सक्ती नसलेल्या देशांतील प्रवाशांसाठी कोरियाने २०२१ मध्ये 'के-ईटीए' नावाची पूर्वपरवानगी सुरू केली आणि कोविडची बंधने उठताच थाई प्रवाशांनाही ती लागू झाली. दहा हजार वॉन भरून संगणकावर अर्ज करावयाचा, उत्तराची वाट पाहावयाची. नकार आला तर पैसे बुडाले. होकार आला तरी काम संपत नाही, कारण ही परवानगी केवळ विमानात चढण्यापुरती असते. सोलजवळच्या इंचॉन विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी प्रवाशाला बाजूला घेतो, वेगळ्या खोलीत बसवतो आणि प्रश्न विचारतो. पगार किती? रजा कोणी मंजूर केली? जवळ रोख किती? कोठे उतरणार, कोणत्या दिवशी काय पाहणार? उत्तरांनी समाधान झाले नाही तर त्याच विमान कंपनीच्या परतीच्या विमानात रवानगी होते. हातात पडतो तो येण्याचा हेतू स्पष्ट नसल्याचा मोघम शेरा. हॉटेलचे आणि तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या प्रकाराविरुद्ध थायलंडमध्ये संतापाची लाट उसळली आणि 'कोरियाच्या सहलीवर बहिष्कार' ही घोषणा समाजमाध्यमांवर गाजली. रीतसर परवानगी, परतीचे तिकीट आणि नोकरीचा दाखला जवळ असूनही परत पाठवले गेलेले लोक आपापली हकीकत सांगू लागले. तत्कालीन पंतप्रधान स्रेत्था थाविसिन यांना या प्रश्नाची दखल घ्यावी लागली व परराष्ट्र खात्यामार्फत तो कोरियाकडे उपस्थित करू, असे सांगावे लागले. बहिष्काराच्या घोषणा बहुधा हवेत विरतात. ही विरली नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेसहा लाख थाई प्रवासी कोरियात गेले होते. २०२४ मध्ये ही संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. कोविडनंतर इतर बहुतेक देशांतून कोरियाकडे जाणारा ओघ वाढत असताना थायलंडचा तेवढा आटत गेला. याच २०२४ मध्ये अठरा लाखांहून अधिक कोरियन पर्यटक मात्र थायलंडला येऊन गेले. त्यांना पगार किती असे कोणी विचारले नाही.

कोरियाची बाजू येथेच ऐकून घेतली पाहिजे, कारण ती लटकी नाही. मुदत संपल्यावरही त्या देशात बेकायदा राहणाऱ्या परकीयांची संख्या २०२३ मध्ये चार लाखांच्या वर गेली होती. त्यांत सर्वांत मोठा गट थाई नागरिकांचा, सुमारे दीड लाखांचा होता. कोरियात राहणाऱ्या थाई लोकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांकडे तेथे राहण्याची वैध परवानगी नव्हती. हे लोक समुद्रातून लपूनछपून आलेले नाहीत. पर्यटक म्हणून, १९८१ च्या सवलतीचा आधार घेऊन, राजरोस विमानतळावरून ते आत शिरले. थाई भाषेत त्यांना 'फीनॉय' म्हणतात. या शब्दाचा अर्थ छोटी भुते. सरकारी दप्तरात नसलेली, पण शेतावर आणि कारखान्यात राबताना दिसणारी ही भुते आहेत.

ती का जातात याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. १९८१ साली कोरियाचे दरडोई उत्पन्न थायलंडच्या सुमारे अडीच पट होते. आज ते पाच पटींच्या घरात आहे. करार होता तसाच राहिला आणि त्याच्या खालची जमीन मात्र सरकली. जानेवारी २०२४ पासून बँकॉकमध्ये किमान मजुरी दिवसाला ३६३ बाट होती, तर देशाच्या दक्षिण टोकाकडील काही प्रांतांत ३३० बाट. त्याच वर्षी कोरियात किमान मजुरी तासाला ९,८६० वॉन होती. आठ तासांचे झाले ७८,८८० वॉन, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे दोन हजार बाट. बँकॉकच्या साडेपाच पट. भारतीय वाचकाने हा आकडा आखाती देशांतील मजुरीशी ताडून पाहावा, म्हणजे त्यातील ओढ ध्यानी येईल. येथे तर कोरियाला जाण्यास व्हिसाही लागत नाही. सहा तासांच्या आत विमान पोहोचते.

थायलंडच्या ईशान्येला इसान नावाचा विस्तीर्ण, कोरडवाहू पठारी प्रदेश आहे. तेथील भातशेती पावसाच्या लहरीवर चालते, कर्ज घराघरांत आहे. बँकॉकच्या टॅक्स्या आणि बांधकामे इसानच्या माणसांवर चालतात, आणि कोरियातील या भुतांमध्येही याच प्रदेशातील खेडुतांचा भरणा मोठा आहे. गावातला एक गेला, त्याने पैसे पाठवले, घराला सिमेंटच्या भिंती आल्या, की दुसऱ्याला वाट दिसते. दलाल असतोच. कोरियन गायकवृंदातून जगप्रसिद्ध झालेली लिसा ही गायिका याच इसानमधील बुरीराम प्रांतात जन्मलेली. कोरियन मालिका आणि संगीत यांनी थाई तरुण पिढीला वेड लावले व त्यातून लाखो पर्यटक सोलला जाऊ लागले. एकाच विमानात एका आसनावर त्या संगीताची चाहती बसते आणि शेजारच्या आसनावर कोबीच्या शेतावर कामाला निघालेली बाई. दोघींच्या पासपोर्टचा रंग एक, परवानगीही एक.

मजुरांना कायदेशीर मार्गच नाही असे मात्र नाही. कोरियाने २००४ मध्ये परकीय मजुरांसाठी रोजगार परवान्याची पद्धत सुरू केली आणि तीत प्रारंभीच सामील झालेल्या देशांत थायलंड होता. परंतु या वाटेवर कोरियन भाषेची परीक्षा आहे, वयाची ३९ वर्षांची मर्यादा आहे, वैद्यकीय तपासणी आहे आणि मालकाने निवड करीपर्यंतची अनिश्चित प्रतीक्षा आहे. पंचेचाळिशीच्या शेतकरी बाईसाठी ही वाट बंदच म्हणावी लागेल. कोरियाने २०२४ साठी या परवान्यांचा कोटा १ लाख ६५ हजार इतका विक्रमी ठरवला होता व तो सोळा देशांत मिळून होता. बेकायदा राहणारे एकटे थाईच दीड लाखांच्या आसपास होते, हे लक्षात घेतले म्हणजे दाराची रुंदी आणि बाहेरची गर्दी यांचे प्रमाण कळते.

आणि ही गर्दी केवळ बाहेरच्यांच्या गरजेने जमलेली नाही. कोरियात २०२३ साली एका स्त्रीमागे सरासरी जन्मप्रमाण ०.७२ पर्यंत घसरले होते. जगात इतके कमी प्रमाण अन्यत्र क्वचितच आढळेल. खेड्यांत म्हातारे उरले आहेत. भाजीपाल्याची हरितगृहे, अळंबीची केंद्रे, मासे साफ करण्याची कामे, छोटे कारखाने यांना माणसे मिळत नाहीत. त्या मालकाला भूत हवे असते. ते तक्रार करीत नाही, रजा मागत नाही, पगार थकला तर पोलिसांकडे जाऊ शकत नाही. २०१५ ते २०२० या काळात कोरियात पाचशेहून अधिक थाई नागरिक मृत्यू पावले आणि त्यांतील बहुतेक बेकायदा राहणारे होते, हे थाई दूतावासाच्या नोंदींवरून २०२० मध्ये उजेडात आले. आजारी पडल्यावर इस्पितळात जायला भिणाऱ्या माणसाचे काय होते, ते या आकड्याने सांगितले आहे. विमानतळावर ज्याला शंभर प्रश्न विचारले जातात त्याला शेताच्या बांधावर एकही विचारला जात नाही. तेथे सर्वांची सोय असते.

आता त्या इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. समोर आलेल्या माणसाच्या मनात काय आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. अर्थशास्त्रात ही अडचण जुनी आहे. विकणाऱ्याला मालाचे गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात चांगल्या मालालाही वाईटाचा भाव मिळतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. एडमंड फेल्प्स आणि केनेथ अ‍ॅरो यांनी त्यानंतर दोन-तीन वर्षांत याच्याशी मिळताजुळता विचार माणसांच्या बाबतीत मांडला. व्यक्तीची माहिती मिळत नसली की निर्णय घेणारा तिच्या गटाची सरासरी तिच्यावर लादतो. त्यासाठी त्याच्या मनात द्वेष असण्याची गरज नसते, हिशेब पुरतो. इंचॉनचा अधिकारी थाई माणसाचा द्वेष करतो असे मानण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे गटाचे आकडे आहेत, आणि एका माणसासाठी मिनिटे थोडी आहेत.

हा हिशेब मध्यम उत्पन्नाच्या माणसाला नेमका कसा चिरडतो ते पाहण्याजोगे आहे. थायलंडमध्ये पदवीधराला सरकारी नोकरीत लागताना अनेक वर्षे महिना १५ हजार बाट पगार मिळत असे. अलीकडे तो टप्प्याटप्प्याने १८ हजारांकडे नेण्यात आला. कोरियातील २०२४ च्या किमान मजुरीचा महिन्याचा हिशेब वीस लाख वॉनांच्या थोडा वर, म्हणजे पन्नास हजार बाटांहून अधिक होतो. आता एखादी शिक्षिका किंवा कचेरीतील कारकून दोन वर्षे पैसे साठवून आठ दिवसांच्या सहलीला आला. अधिकाऱ्याने पगार विचारला. उत्तर खरे दिले तर ते तिच्याविरुद्धच जाते, कारण अधिकाऱ्याच्या गणितात पंधरा हजारांच्या माणसाला पन्नास हजारांचा मोह न होणे अशक्य असते. तिला शाळेवर प्रेम असेल, घरी म्हातारी आई असेल, किंवा परदेशात कांदे उपटण्याची तिला मुळीच हौस नसेल. या गोष्टी पगारपत्रकावर छापलेल्या नसतात.

म्हणून प्रवासी पुरावे गोळा करतात. नोकरीचा दाखला, बँकेचा उतारा, घराची कागदपत्रे, हॉटेलच्या पावत्या, दिवसवार कार्यक्रम, आणि पूर्वीच्या परदेशवाऱ्यांचे शिक्के असलेला जुना पासपोर्टही. कपडे नीटनेटके घालावेत, उत्तरे अडखळत देऊ नयेत, असे सल्ले ते एकमेकांना देतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराविषयी सांगितलेली गोष्ट येथे लागू पडते. खूण उपयोगी ठरते ती खोट्या माणसाला परवडत नाही तोवरच. कोरियाला माणसे पोहोचवणाऱ्या दलालाला या सर्व खुणा परवडतात, कारण त्याचा तो धंदाच आहे. तो सहलीचा गट बनवतो, हॉटेले आरक्षित करतो, उत्तरे पाठ करून घेतो. प्रामाणिक प्रवासी मात्र आयुष्यात पहिल्यांदाच त्या टेबलापुढे उभा असतो आणि इंग्रजी प्रश्नाने गोंधळतो. चाळणी अशी आहे की तिच्यातून सराईत निसटतात आणि नवखे अडकतात.

चाळणी अगदीच निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. जेजू बेटावर पूर्वपरवानगीची अट नव्हती तेव्हा, ऑगस्ट २०२२ मध्ये, थेट विमानाने तेथे उतरलेल्या शेकडो थाई प्रवाशांना प्रवेश नाकारला गेला. त्यांतील बऱ्याच जणांना मुख्य भूमीसाठी आधीच नकार मिळालेला होता. हा योगायोग म्हणता येणार नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून जेजूलाही ती अट लागू झाली आणि ते दार बंद झाले. काही लोक खरोखर अडवले गेले, हे कबूल केले पाहिजे. प्रश्न आहे तो त्यासाठी मोजलेल्या किमतीचा आणि ती कोणाच्या खिशातून गेली याचा.

एप्रिल २०२३ मध्ये पर्यटनाला चालना देण्यासाठी कोरियाने २२ देश व प्रदेशांच्या नागरिकांना या पूर्वपरवानगीतून सूट दिली आणि पुढे ती वर्षावर्षाने वाढवली. अमेरिका, ब्रिटन, जपान, तैवान, सिंगापूर त्या यादीत होते, थायलंड नव्हता. २०२४ मध्ये खुद्द कोरियाच्या पर्यटन खात्याने थायलंडलाही तात्पुरती सूट द्यावी असे सुचवले, तेव्हा न्याय मंत्रालयाने त्यास नकार दिला. एका खात्याला दुकानात गिऱ्हाईक हवे आहे आणि दुसऱ्याला ते चोर वाटते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त मजुरीचा प्रश्न ज्या तिसऱ्या खात्याचा आहे ते या वादात ऐकू येत नाही.

जपानचे उदाहरण याच संदर्भात पाहावे. जुलै २०१३ मध्ये जपानने थाई पर्यटकांना १५ दिवसांसाठी व्हिसा माफ केला. २०१२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेली थाई प्रवाशांची संख्या २०१९ मध्ये तेरा लाखांवर गेली आणि कोविडनंतर २०२४ मध्ये पुन्हा अकरा लाखांच्या पुढे आली. जपानमध्येही मुदतीबाहेर राहणारे थाई आहेत. २०२४ च्या आरंभी ते सुमारे ११ हजार होते. मजुरीचा फरक तेथेही मोठाच आहे. तरीही प्रवाशांशी ताडता हे प्रमाण कोरियाच्या मानाने फार थोडे आहे. वेतनाच्या दरीतच सर्व काही आहे असे मानणाऱ्यांना हा आकडा विचारात पाडील. दरीवर पूल कोणी बांधले, दलाल कोठे रुजले, गावातली पहिली माणसे कोठे गेली, यावरही बरेच अवलंबून असते. सोलहून परतलेल्या थाई पर्यटकाने पुढल्या वर्षी टोकियोचे तिकीट काढले, यात नवल नाही. अर्थात जपाननेही व्हिसामुक्त प्रवाशांसाठी अशाच पूर्वपरवानगीची तयारी चालवली आहे.

थायलंडलाही या प्रकरणी केवळ फिर्यादीच्या पिंजऱ्यात उभे राहता येत नाही. आपल्याच नागरिकाला परदेशी जाताना अडवण्याची व्यवस्था त्या देशात आहे. १९८५ च्या रोजगार व नोकरी शोधणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली थाई विमानतळांवर श्रम खात्याच्या चौक्या असतात. पर्यटक म्हणून निघालेला माणूस मजुरीला चालला आहे असा संशय आला तर त्याला तेथेच थांबवले जाते. भारतीय वाचकाला यात अनोळखी काही वाटणार नाही. १९८३ च्या आपल्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर तपासणी आवश्यक असल्याचा शेरा पडतो आणि ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. संरक्षण हा हेतू दोन्हीकडे खरा आहे; परंतु गरीब माणसाची चौकशी आधी स्वदेशात होते आणि मग परदेशात, हेही तितकेच खरे आहे. शिवाय थायलंड स्वतः म्यानमार, कंबोडिया व लाओसच्या लाखो मजुरांवर चालतो आणि त्यांच्या कागदपत्रांबाबत तेथील पोलिसांचे वर्तन सौम्य असते असे कोणी म्हणणार नाही. विमानतळावर उतरल्यावर व्हिसा घेणाऱ्या भारतीय पर्यटकाला दहा हजार बाट रोख दाखवा असे सांगण्याची रीतही बँकॉकचीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ झाला, त्याच सुमारास थाई प्रवासी इंचॉनच्या खोलीत आपली रोकड मोजून दाखवत होते.

या साऱ्या वादात एक बाब मनाला लागते. परत पाठवल्या गेलेल्या मध्यमवर्गीयांचा राग कोरियन अधिकाऱ्यांवर होता, पण त्याहून अधिक तो आपल्याच फीनॉय बांधवांवर होता. यांच्यामुळे आमची अब्रू गेली, ही भाषा २०२० मध्येही ऐकू आली होती. कोविडच्या साथीत हजारो फीनॉय कोरियातून मायदेशी परतू लागले तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांची रोग आणणारे म्हणून निर्भर्त्सना झाली. १९५० च्या कोरियन युद्धात थायलंडने तांदूळ पाठवला, सैन्य पाठवले. त्या थाई तुकडीला 'छोटे वाघ' म्हणून नाव मिळाले होते. बहिष्काराच्या काळात या उपकाराची आठवण पुष्कळांनी कोरियाला करून दिली. ते वाघ ज्या खेड्यांतून आले तशाच खेड्यांतून ही भुते आली आहेत, ही आठवण मात्र फारशी कोणी काढली नाही.

काही गोष्टी उद्यापासून करता येण्यासारख्या आहेत. परवानगी नाकारल्यास शुल्क परत करावे. परवानगी दिलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचे असेल तर त्याचे कारण लेखी व नेमके द्यावे, थाई दुभाषा असावा आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची जागा असावी. एकच सरकार एका हाताने संगणकावर होकार देते आणि दुसऱ्या हाताने विमानतळावर नकार, तेव्हा चूक प्रवाशाची नसते. याहून अवघड काम शेतावर आणि कारखान्यात आहे. बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड होतो खरा, पण पकडला जातो तो बहुधा मजूर. वयाची व भाषेची अट शिथिल करून हंगामी शेतीकामाचे परवाने इसानच्या गावांपर्यंत पोहोचले, तर दलालाचे गिऱ्हाईक कमी होईल आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पगारपत्रकावरून मन वाचण्याचे अशक्य काम करावे लागणार नाही. कोरियाने २०२५ साठी रोजगार परवान्यांचा कोटा १ लाख ३० हजारांवर खाली आणला.